संगणक सुरू होत नसेल तेव्हा

मार्च महिन्याचा अखेरचा आठवडा होता. सांगलीकडील एका व्यापारी कुटुंबातील मंडळी नात्यातील लग्न आटोपून चार दिवसांनी घरी परतली होती. वर्षअखेरीचे हिशेब उरकायचे म्हणून तात्यांनी रात्रीच्या जेवणापूर्वीच घरच्या संगणकाचे बटण दाबले. पंखा फिरू लागला, हिरवा दिवा लागला, पडद्यावर क्षणभर कंपनीचे चिन्हही उमटले. त्यानंतर मात्र नेहमीचे निळे चित्र आले नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच इंग्रजी ओळ दिसू लागली. तिचा अर्थ असा होता की, ज्यावरून यंत्र सुरू करता येईल अशी डिस्क सापडत नाही. बटण पुन्हा दाबले, तरी तीच ओळ. तिसऱ्यांदाही तीच.

त्या संगणकात सहा वर्षांचे दुकानाचे हिशेब टॅलीमध्ये होते. वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे होती. शिवाय, दोन वर्षांपूर्वी निवर्तलेल्या आजींच्या आवाजात नातवाने ध्वनिमुद्रित केलेल्या सात-आठ गोष्टीही त्यातच होत्या. त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

पुतण्याला दूरध्वनी केला. तो संगणक दुरुस्तीच्या दुकानात बसत असे. त्याने आपुलकीनेच सांगितले, “तात्या, हार्डडिस्क गेलेली दिसते. उद्या सकाळी यंत्र पाठवून द्या. फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकून देतो. दोन तासांचे काम आहे.” तात्यांना दोन तासांचे काम ऐकून बरे वाटले. धाकट्या सूनबाईंना मात्र ‘फॉरमॅट’ हा शब्द खटकला. त्या वाणिज्य शाखेच्या पदवीधर. संगणकाचे शास्त्र त्या शिकलेल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “तात्या, यंत्र अगदीच बंद पडलेले नाही. पंखा फिरला, चिन्ह आले, म्हणजे ते निम्म्या वाटेपर्यंत तरी गेले. नेमके कोठे अडले ते आधी पाहू या. पुसून टाकण्याचे काम काय, उद्याही करता येईल.”

पुढे काय घडले ते यथावकाश येईलच. तत्पूर्वी सूनबाईंच्या त्या एका वाक्यातील शहाणपण समजून घेणे इष्ट आहे. कारण घरोघरी संगणक बंद पडतात तेव्हा यंत्रातील मूळ बिघाडाने जेवढे नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान पुष्कळदा घाईच्या उपायाने होते.

जमाखर्चाचे काम ज्यांनी केले आहे त्यांना तेरीज न जुळण्याचा अनुभव असतोच. तेरीज जुळली नाही म्हणून कोणी जाणता हिशेबनीस वह्या फाडून नव्याने लिहावयास घेत नाही. तो प्रथम फरक किती आहे ते पाहतो. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घेतो. ३६ च्या जागी ६३ लिहिले गेले की फरक २७ येतो. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद वहीत सापडली, तर ती जमेऐवजी नावे पडली असावी असे ताडतो. चूक आपल्या खुणा मागे ठेवते आणि त्या खुणांवरून तिचे ठिकाण कळते. संगणकाच्या बाबतीतही हीच रीत लागू पडते.

बटण दाबल्यापासून निळे चित्र येईपर्यंत संगणकात एक ठरावीक क्रम चालतो. प्रथम वीज येते. घरातील २३० व्होल्टची वीज कॅबिनेटमधील एसएमपीएस नावाची पेटी १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतरित करते. मग मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायम साठवलेला छोटा प्रोग्रॅम जागा होतो. त्याला पूर्वी बायोस म्हणत. आता त्याची जागा यूईएफआय या नव्या पद्धतीने घेतली आहे, तरी बोलण्यात बायोस हाच शब्द राहिला आहे. हा प्रोग्रॅम प्रोसेसर, रॅम, की-बोर्ड, चित्र दाखविणारा भाग यांची हजेरी घेतो. हजेरी पुरी झाली की कोणत्या डिस्कवरून पुढे जायचे ते ठरवून तो कारभार त्या डिस्ककडे सोपवतो. त्यानंतरच विंडोज सुरू होते. वीज, हजेरी, डिस्क आणि विंडोज अशा या चार पायऱ्या होत. यंत्र कोणत्या पायरीवर थांबले हे डोळ्यांनी आणि कानांनी कळते. त्यासाठी स्क्रू काढण्याचीही गरज नसते.

पहिली पायरी विजेची. बटण दाबूनही दिवा लागत नाही, पंख्याचा आवाज येत नाही, तेव्हा दोष यंत्राचाच असेल असे नाही. भिंतीपासून सुरुवात करावी. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून पाहावा. एक्स्टेंशन बोर्डाचे बटण पाहावे. कॅबिनेटच्या मागे, वायर लागते त्या ठिकाणी एसएमपीएसचे एक लहानसे बटण असते. त्यावर उभी रेघ म्हणजे चालू आणि शून्य म्हणजे बंद. झाडलोट करताना हात लागून ते बंद होते आणि घरात कोणाच्या ध्यानीमनीही नसते. मागची वायर नुसती अडकलेली दिसते, पण पूर्ण आत गेलेली नसते. तीही एकदा दाबून बसवावी.

यूपीएस असेल तर त्याकडे विशेष लक्ष द्यावे. त्यातील शिसे-आम्लाची बॅटरी साधारणपणे दोन ते चार वर्षांत थकते. बॅटरी थकलेला यूपीएस कधी शिट्टी वाजवतो, कधी मुकाट्याने बंद पडतो आणि दोष संगणकाच्या माथी येतो. यूपीएस बाजूला ठेवून संगणक सरळ भिंतीवरील सॉकेटला जोडून पाहिला की याचा उलगडा होतो.

एवढे करूनही यंत्र निःशब्द असेल, तर वायर पूर्ण काढून सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. आत उरलेली वीज त्यामुळे निघून जाते आणि अडून बसलेले यंत्र काही वेळा एवढ्यानेच सुरू होते. ज्या लॅपटॉपची बॅटरी काढता येत नाही, त्याचा चार्जर काढून बटण तितकाच वेळ दाबून धरावे. मात्र एसएमपीएसची पेटी घरी कोणीही उघडू नये. तिच्या आतील कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्टचा भार असतो आणि वायर काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहतो. ती पेटी दुरुस्त करण्यापेक्षा बदलणेच श्रेयस्कर.

दुसरी पायरी हजेरीची. पंखा फिरतो, दिवा लागतो, परंतु पडदा काळा राहतो, अशी ही अवस्था असते. येथेही प्रथम साध्या गोष्टी पाहाव्यात. मॉनिटरचा स्वतःचा दिवा लागला आहे काय? त्याची वायर दोन्ही बाजूंनी घट्ट आहे काय? मॉनिटरला दोन-तीन प्रकारच्या वायरी लावण्याची सोय असेल, तर तो भलत्याच वायरीकडून चित्राची वाट पाहत बसलेला असू शकतो. त्याच्या बटणांमधून योग्य जोडणी निवडावी. ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले आहे, तेथे मॉनिटरची वायर त्या कार्डालाच जोडावी लागते. नुकतीच यंत्राची जागा बदलली असेल, तर ही चूक हमखास संभवते.

मॉनिटर निर्दोष ठरला की कान द्यावेत. हजेरीत कोणी गैरहजर आढळले तर बहुतेक मदरबोर्ड ‘बीप’ असा आवाज काढतात किंवा एखादा लहान दिवा लुकलुकवतात. आवाज किती, लांब की आखूड, हे कागदावर लिहून ठेवावे. या खुणांचे अर्थ प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेत ते दिलेले असतात.

काळ्या पडद्याचे एक नित्याचे कारण म्हणजे सैल झालेली किंवा टोकांवर मळ साचलेली रॅम. पावसाळ्यातील दमट हवेनंतर हा दोष विशेष दिसतो. यंत्र हमीच्या मुदतीत असेल तर ते उघडू नये. कंपनीच्या माणसास बोलवावे. मुदत संपली असेल आणि हात स्थिर असेल, तर हे काम घरी करता येते. वायर काढावी. बटण दाबून उरलेली वीज घालवावी. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. धूळ आणि जाळी असतील तर मऊ कोरड्या कुंचल्याने हलक्या हाताने काढावीत. आत मुंग्यांनी किंवा झुरळांनी आसरा घेतलेला असेल, तर कॅबिनेट उघडे ठेवून त्यांना निघून जाऊ द्यावे. कीटकनाशकाचा फवारा कदापि मारू नये, त्याने जीवही जातो आणि मदरबोर्डही बिघडतो. त्यानंतर रॅमच्या पट्टीच्या टोकांची खिटी उघडून ती सरळ वर काढावी. तिची सोनेरी टोके बोर्डापासून दूर धरून स्वच्छ खोडरबराने हळुवार पुसावीत आणि कण झटकून, खिटी ‘टक्’ असा आवाज करून बसेपर्यंत ती दाबून परत बसवावी. पट्ट्या दोन असतील तर आधी एकच लावून पाहावी, मग दुसरी. म्हणजे कोणती पट्टी दोषी ते कळते.

तिसरी पायरी डिस्कची. कंपनीचे चिन्ह येते आणि मग ‘डिस्क सापडत नाही’ अशा अर्थाची ओळ दिसते. तात्यांचे यंत्र याच पायरीवर अडले होते. येथे सर्वप्रथम संगणकाला लावलेले पेन ड्राइव्ह काढून घ्यावेत. यंत्र कधी कधी विसरून राहिलेल्या पेन ड्राइव्हवरूनच सुरू होण्याचा व्यर्थ प्रयत्न करीत असते. सूनबाईंनी तेच प्रथम केले. उपयोग झाला नाही.

मग त्यांनी यंत्र पुन्हा चालू करून लगेच ‘डिलीट’ची कळ दाबत राहून बायोसचे पान उघडले. पुष्कळ यंत्रांत हे पान ‘डिलीट’ने, काहींत ‘एफ२’ने उघडते. काहीही बदलण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक पानाचे मोबाइलवर छायाचित्र घेतले. डिस्कच्या यादीत हार्डडिस्कचे नाव आणि आकारमान व्यवस्थित दिसत होते. म्हणजे हार्डडिस्क निदान हजेरीला हजर होती. मग त्यांची दृष्टी पानाच्या वरच्या कोपऱ्याकडे गेली. तेथील तारीख कित्येक वर्षांपूर्वीची होती, जानेवारीची पहिली.

“तात्या, गेल्या महिन्यात या संगणकाचे घड्याळ रोज मागे पडत होते ना?” सूनबाईंनी विचारले.

तात्यांना आठवले. दोन महिन्यांपासून सकाळी यंत्र चालू केले की घड्याळ चुकीची वेळ दाखवी. बँकेचे संकेतस्थळ उघडताना ‘जोडणी सुरक्षित नाही’ अशी सूचना येई. नातू घड्याळ लावून देई आणि काम पुढे चाले. त्या गोष्टीचा या बिघाडाशी संबंध असेल असे कोणालाही वाटले नव्हते.

संबंध होता. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक गोल सेल असतो. बहुतेक यंत्रांत तो सीआर२०३२ या नावाचा असतो. तीन व्होल्टचा, २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा. भिंतीवरील बटण बंद असते तेव्हा संगणकाचे घड्याळ या सेलवर चालते. बायोसमधील निवडीही पुष्कळ जुन्या यंत्रांत याच सेलच्या जोरावर लक्षात राहतात. सेल काही वर्षांत थकतो. या घरी रोज रात्री भिंतीवरील बटण बंद करण्याची चांगली सवय होती; त्यामुळे थकलेल्या सेलला रात्रभर घड्याळ ओढावे लागे आणि सकाळी वेळ चुके. लग्नाच्या निमित्ताने यंत्र सलग चार दिवस बंद राहिले, तेव्हा सेल पार संपला आणि बायोस आपल्या साऱ्या निवडी विसरून कारखान्यातून आला तेव्हाच्या स्थितीत गेला.

त्या निवडींत एक महत्त्वाची होती. डिस्कवरून सुरू होण्याच्या दोन पद्धती आहेत, जुनी ‘लेगसी’ आणि नवी ‘यूईएफआय’. तात्यांच्या यंत्रात विंडोज जुन्या पद्धतीने बसवलेली होती. स्मृती गमावलेला बायोस मात्र डिस्कवर नव्या पद्धतीची खूण शोधत होता. डिस्क समोर असूनही ‘सापडत नाही’ असे तो म्हणत होता, याचे कारण एवढेच. वही कपाटात जागच्या जागी आहे, पण नव्या कारकुनाला ती दुसऱ्याच रंगाची असेल असे सांगितले गेले आहे, तशातला हा प्रकार.

सूनबाईंनी तारीख दुरुस्त केली आणि यंत्र चालू करून पाहिले; तीच ओळ. मग सुरू होण्याची पद्धत ‘लेगसी’ अशी निवडली आणि बदल जतन करून पुन्हा पाहिले. नेहमीचे निळे चित्र आले. एका वेळी एकच बदल करायचा, तो लिहून ठेवायचा, उपयोग न झाल्यास पूर्ववत करायचा, हा नियम त्यांनी पाळला होता. चार बदल एकदम केले असते तर कोणत्याने काम झाले ते कळले नसते. आणि बिघडले असते तर कोणत्याने बिघडले तेही कळले नसते.

तात्या लागलीच टॅली उघडावयास निघाले. सूनबाईंनी त्यांना थांबवले. “आधी प्रत काढू या, तात्या. हिशेब सकाळी.” त्या रात्री टॅलीची माहिती, विवरणपत्रे आणि आजींच्या गोष्टी बाहेरच्या डिस्कवर उतरवूनच घर झोपले. दुसऱ्या दिवशी पुतण्याने स्वतः येऊन नवा सेल बसवून दिला. किंमत काही रुपयांची. “मी घाई केली असती, काकी,” असे तो प्रांजळपणे म्हणाला.

फॉरमॅट म्हणजे नेमके काय, हे येथे सांगणे अगत्याचे आहे. डिस्कवरील कोणती माहिती कोठे ठेवली आहे याची एक अनुक्रमणिका असते. झटपट फॉरमॅट केल्यावर ती अनुक्रमणिका नव्याने कोरी होते. पाने लगेच जात नाहीत, पण त्यांचे ठिकाण हरवते. नंतर त्यावर नवी विंडोज लिहिली गेली की जुनी पाने खरोखरच झाकली जातात आणि ती परत मिळण्याची आशा फारच थोडी उरते. बंद पडलेल्या यंत्रातील डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली असता पडद्यावर कधी कधी प्रश्न येतो की, ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची काय? माहिती हवी असेल तर त्या प्रश्नास नेहमी नकारच द्यावा.

चौथी पायरी विंडोजची. चिन्ह येते, गोल फिरणारे ठिपके दिसतात आणि यंत्र तेथेच घुटमळते किंवा पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होते. विंडोज १० आणि ११ मध्ये सुरू होण्याचे प्रयत्न लागोपाठ फसले की दुरुस्तीचे पान आपोआप येते. तेथे ‘ट्रबलशूट’ आणि मग ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडले की ‘स्टार्टअप रिपेअर’, नुकतेच आलेले अपडेट काढून टाकणे, ‘सिस्टम रिस्टोर’ आणि ‘सेफ मोड’कडे नेणारी वाट असे पर्याय मिळतात. हे सर्व सौम्य उपाय होत. वैयक्तिक कागदपत्रांना ते हात लावत नाहीत. ‘रिसेट धिस पीसी’ हा उपाय मात्र अखेरचा समजावा. त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडले तरी बसवलेले प्रोग्रॅम जातात आणि ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडले तर सर्वस्व जाते.

यंत्राचा एकही सुटा भाग बिघडलेला नसताना संगणक सुरू होत नाही, याचे सर्वांत मोठे उदाहरण १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-प्रणाली पुरविणाऱ्या कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या लाखो यंत्रांच्या डिस्क शाबूत होत्या, माहितीही शाबूत होती. ‘सेफ मोड’मध्ये जाऊन एक सदोष फाइल काढून टाकली की यंत्र पुन्हा उभे राहत असे. त्या वेळी ज्यांनी घाईने सारे पुसून नव्याने मांडले असेल, त्यांनी एका फाइलपायी सारा संसार मोडला असे म्हणावे लागेल.

विंडोज काही केल्या सुरू होत नसेल तरीही माहिती बाहेर काढण्याचा मार्ग उरतो. दुसऱ्या संगणकावर उबुंटूसारख्या मोफत प्रणालीचा पेन ड्राइव्ह तयार करून त्यावरून यंत्र सुरू करता येते. तेथे ‘ट्राय’ हा पर्याय निवडावा, ‘इन्स्टॉल’ नव्हे. मग बिघडलेल्या यंत्राच्या डिस्कवरील फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवता येतात.

यात एक अडसर नव्या यंत्रांत येतो आणि पुष्कळ कुटुंबांना त्याची कल्पना नसते. अलीकडील अनेक लॅपटॉपमध्ये डिस्कवरील माहिती आपोआप कुलूपबंद होते. बायोसमध्ये मोठा बदल झाला, मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क दुसरीकडे जोडली, की यंत्र ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ मागते. ती नसेल तर निष्णात कारागीरही हात टेकतो. घरगुती यंत्रात ही किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जतन झालेली असते. यंत्र सुरळीत चालू असतानाच त्या खात्यात जाऊन ती पाहावी, कागदावर उतरवावी आणि बँकेच्या लॉकरची किल्ली ठेवतो तितक्या काळजीने ठेवावी. ते खाते कोणाच्या नावाने आणि कोणत्या मोबाइल क्रमांकावर उघडले होते, हेही घरातील दोघांना ठाऊक असावे. खाते उघडून देणारा मुलगा परदेशी गेला आणि जुना क्रमांक बंद झाला, तर यंत्र घरात असूनही माहिती परकी होते.

कोठे थांबावे, हेही कळले पाहिजे. जळाल्याचा वास येणे, ठिणगी दिसणे, आत पाणी शिरणे किंवा लॅपटॉपची बॅटरी फुगणे, यांपैकी काहीही घडल्यास पुन्हा बटण दाबू नये. वीज तोडून जाणकाराकडे जावे. हार्डडिस्कमधून ठरावीक अंतराने ‘टक् टक्’ असा आवाज येत असेल तर यंत्र ताबडतोब बंद करावे. फिरत्या चकतीवरून केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर वाचनाचे टोक तरंगत असते. ते बिघडले असता यंत्र पुन्हा पुन्हा चालू करणे म्हणजे चकतीवर ओरखडे ओढणे होय. अशी डिस्क माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञांकडेच द्यावी.

यंत्र दुरुस्तीस देतानाही काही पथ्ये पाळावीत. काय घडले, कोणती ओळ दिसली, किती बीप ऐकू आले, याची चिठ्ठी सोबत द्यावी. ‘आम्हास विचारल्यावाचून डिस्क फॉरमॅट करू नये’ हे वाक्य पावतीवर लिहून घ्यावे. डिस्क आणि रॅम यांचे अनुक्रमांक टिपून ठेवावेत आणि बदललेले जुने भाग परत मागावेत. ब्राउझरमध्ये बँकेचे पासवर्ड जतन केलेले असतील तर ते मोबाइलवरून आधी बदलावेत. यात कारागिरावर अविश्वास दाखविण्याचा हेतू नसतो. दागिना घडवावयास देतानाही वजन करूनच दिला जातो, आणि त्यात सोनाराला अपमान वाटत नाही.

उरला प्रश्न प्रतीचा. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम सर्वसामान्य घरासही पुरेसा आहे. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. मूळ संगणक, एक बाहेरची डिस्क आणि एक प्रत इंटरनेटवरील साठ्यात किंवा परगावच्या लेकीकडे, एवढ्याने हा नियम पुरा होतो. बाहेरची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी. ती कायम जोडलेली असेल तर वीज कडाडल्यास किंवा विषाणू शिरल्यास मूळ माहितीसोबत तीही जाते. वर्षातून दोनदा त्या प्रतीतील एखादी फाइल उघडून पाहावी; न उघडणारी प्रत आणि प्रत नसणे यांत फरक नाही.

व्यापारी कुटुंबांना तर यात कायद्याचेही बंधन आहे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार, ज्या वर्षाचे हिशेब असतील त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ते जतन करावे लागतात. ‘संगणक बंद पडला’ एवढ्या कारणाने ही जबाबदारी टळत नाही. ३१ मार्च हा वर्षअखेरीचा दिवस, आणि योगायोगाने तोच जागतिक बॅकअप दिन म्हणूनही पाळला जातो. वह्या बंद करावयाच्या त्या दिवशी त्यांची प्रत काढून ठेवण्याची प्रथा घरोघरी पडली, तर लक्षात ठेवण्यासारखी निराळी तारीखही उरणार नाही.

तात्यांच्या घरी आता ती प्रथा पडली आहे. त्या वर्षी ३१ मार्चच्या रात्री हिशेब पुरे झाल्यावर नातवाने एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली आणि एक पुण्याच्या आत्याकडे पाठवली. आजींच्या गोष्टीही त्यात होत्या. चार दिवसांनी आत्याचा दूरध्वनी आला. त्या गोष्टी तिने तोवर एकदाही ऐकल्या नव्हत्या. आईचा आवाज घरात पुन्हा ऐकू आल्याचे सांगताना ती क्षणभर थांबली, आणि इकडे तात्याही काही बोलले नाहीत. नवा सेल घातलेल्या संगणकाचे घड्याळ मात्र तेव्हापासून अचूक चालते आहे. ते पुन्हा कधी मागे पडू लागले तर नुसते लावून न देता लगेच सांगायचे, असे नातवास बजावून ठेवले आहे.